मधल्या 16 ओळी

आज दुपारी जेडी-जीयूआयमध्ये, म्हणजे तयार जावा प्रोग्रॅममधून कोड परत काढून दाखवणाऱ्या टूलमध्ये, एक जुनी जार फाइल (तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा) ओढून टाकली. सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, कोणाकडेच नाही, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. क्षणात अख्खा कोड समोर! क्लास, मेथड, अगदी लॉगमधला ‘इथे यायला नको होतं’ हा वैतागसुद्धा.

मग डावीकडचे ओळींचे आकडे दिसले. 41 नंतर थेट 58.

जावाचा कंपायलर कमेंट्स, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, तयार होणाऱ्या क्लास फाइलमध्ये ठेवतच नाही, ओळींचे क्रमांक मात्र सहसा ठेवतो. म्हणजे त्या 16 ओळींत बहुतेक त्याने काहीतरी समजावून सांगितलं होतं. आणि 58 वर काय, तर व्याजाला 0.985 ने गुणलंय. का, देव जाणे. (फर्नफ्लॉवर या तशाच दुसऱ्या टूलनेही उघडून पाहिलं. तेच.)

त्याचा नंबर आहे माझ्याकडे. पण एवढ्या वर्षांनी फोन करून विचारायचं काय, 42 ते 57 मध्ये काय लिहिलं होतंस?