अहमदाबादच्या पोळा: दीड हजार घालवून आलेलं शहाणपण

नेटवर अहमदाबादच्या जुन्या शहराचे जे फोटो फिरतात, निळ्या-हिरव्या दारांचे, कोरीव खांबांचे, चौकातल्या झोपाळ्याचे, ते सगळे मिळून मोजक्या दहा-बारा घरांचे असावेत. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी निदान अपेक्षा घरी ठेवून गेले असते. बाकीच्या शेकडो घरांना टेकू लावलेत, कुलपं घातलीत, नाहीतर दुसऱ्या मजल्यावर पिंपळ उगवलाय. तरीही जा. पण मी केलं तसं करू नका.

सोबत माझा चुलतभाऊ होता. दादा बांधकामाची कंत्राटं घेतो, त्यामुळे त्याला कुठेही नेलं की तो आधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघतो. आम्ही दोघं सदाशिव पेठेतल्या एकाच वाड्यात वाढलो. तो वाडा पडला आणि तिथे पाच मजली इमारत झाली, हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘युनेस्कोने २०१७ साली अख्खं शहर जागतिक वारशाच्या यादीत घातलं, भारतात पहिलं, बघू तरी त्यांनी काय केलं’, एवढ्याच कारणासाठी आम्ही निघालो.

शब्दाचा घोळ आधी मिटवते. पोळ म्हणजे आपल्याकडे मोकाट सोडलेला बैल. तिकडे ‘पोळ’ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली गल्ली आणि तिच्या पोटातल्या उपगल्ल्या, बहुतेक एका जातीच्या किंवा व्यवसायाच्या लोकांची. मी म्हणते तो पोळही त्या पोळांत भेटतो, आणि तो बाजूला होत नाही. आपण व्हायचं.

पहिला फटका कालुपूर स्टेशनबाहेर. आम्ही गेलो तेव्हा स्टेशनचं बांधकाम चालू होतं, कुठून बाहेर पडायचं तेच कळत नव्हतं. रिक्षावाल्याने जुन्या शहरातल्या खाडिया भागापर्यंतचे अडीचशे मागितले आणि रात्रभराच्या प्रवासाने डोकं जड झालेलं असल्यामुळे आम्ही ते दिले. मीटर पडला असता तर पन्नाशीच्या आत काम झालं असतं. वर त्याने पोळच्या तोंडाशीच उतरवलं. त्यात त्याची चूक नाही, आत रिक्षा जातच नाही. पण ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं लिहिणाऱ्या आमच्या मुक्कामाच्या मालकाने हे लिहायला हवं होतं. चाकांची बॅग नेऊ नका, पाठीवरची न्या.

मुक्काम दुरुस्त केलेल्या हवेलीत होता. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना आपल्या माळ्यावर जायच्या जिन्यासारखा उभा, कठड्याऐवजी वरून लोंबणारा दोर. मला मजा वाटली. गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंग करताना ‘तळमजल्यावर खोली आहे का’ हे फोन करून विचारावं. घर मात्र खरंच नीट केलेलं होतं. दादाने खांबाला हात लावला, मग भिंतीला नाक लावलं. म्हणाला, “चुना आहे. सिमेंट नाही मारलं. शाबास.” जुन्या विटेवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, ती लाकडात शिरते, आणि मागून वाळवी येते. आमच्या वाड्याची पश्चिमेची भिंत अशीच गेली, हे त्याने मला पंचविसाव्यांदा सांगितलं.

आता दीड हजारांची गोष्ट. जुन्या शहरातल्या बाजारात, माणेक चौकात, एकाने गाठलं. “बेन, बंद हवेली है, टूरवालों को नहीं दिखाते, चाबी मेरे पास है.” दोघांचे दीड हजार ठरले. तो वाऱ्यासारखा पुढे पळत होता आणि दिसेल त्या घराला “छे सो साल पुराना” म्हणत होता. शहर जुनं आहे हे खरं, अहमदशाहने ते १४११ साली वसवलं. पण आज उभी असलेली लाकडी घरं बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आणि त्यानंतरची. सहाशे वर्षांच्या म्हणून दाखवलेल्या एका घराच्या सज्जाखाली दादाला बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे ब्रॅकेट दिसले, इंग्रजी अमदानीतले, ते त्याने बोट करून दाखवलं, तर गाईडसाहेबांना अचानक घाई झाली. शेवटी ती हवेली आली. दाराला हातभर कुलूप. चावी? “आज भाई नहीं आया.” फटीतून बघा म्हणाला. फटीतून अंधार दिसला. मग तो आम्हाला एका साड्यांच्या दुकानात घेऊन गेला. दादाचा आवाज चढला, मी ‘जाऊ दे’ म्हटलं, आणि पैसे गेले. दोन दिवस हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. लिहिताना अजूनही जात नाहीये.

तर नियम एकच: पैसे शेवटी द्या, आणि चावी हातात दिसल्याशिवाय बंद हवेलीच्या नादी लागू नका.

खरी वाईट वाट मात्र माणेक चौकातून सांकडी शेरीतून खाडियाकडे जाणारी. सांकडी म्हणजे अरुंद. नाव ठेवणाऱ्याने फसवलं नाही, मीच लक्ष दिलं नाही. आम्ही तिथे भर दुपारी एक वाजता शिरलो. समोरून दुचाकी, मागून दुचाकी, मध्ये कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी, आणि हातगाडी अडकली की सगळे हॉर्न एकदम. एका बाजूला घराला लाकडी टेकू दिलेले, ते थेट रस्त्यात उतरलेले, म्हणजे चालायची जागा आणखी कमी. वर पाहावं तर सज्जाची फळी लोंबतेय. दोन घरांवर महापालिकेची ‘भयजनक मकान’ अशी पाटी, आणि त्यातल्या एकाच्या ओट्यावर एक जण निवांत दाढी करून घेत होता. मी वीस मिनिटं एका दुकानाच्या पायरीवर भिंतीला चिकटून उभी होते. फोटो एकही नाही. हा टप्पा सकाळी आठच्या आत करा. ते जमत नसेल तर सोडून द्या, काही बिघडत नाही. पायात बंद बूट हवेतच, गटारं उघडी आहेत.

याच भागात सोनारकामाचे कारखाने आहेत, कारागीर पुष्कळसे बंगाली. दीडशे वर्षांच्या लाकडी घराच्या दुसऱ्या मजल्यावर गॅसची शेगडी, ॲसिडचा वास, तिजोरीचं वजन. दादा खालून तुळईचा झोल बघत राहिला. म्हणाला, “हे घर पावसाने नाही पडणार. हे भाड्याने पडणार.” ते मला नंतर नीट कळलं. गुजरात १९६० पर्यंत आपल्याच राज्यात होता, त्यामुळे १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा तिकडेही लागू झाला आणि वेगळं राज्य झाल्यावरही राहिला. जुनं भाडं गोठलं, मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही. पेठेतली गोष्ट शब्दाला शब्द. पैसेवाली मंडळी साबरमतीच्या पलीकडे नव्या वस्त्यांत गेली, दंगलींनी उरलेल्यांचाही धीर खचवला, आणि रिकाम्या खोल्यांत गोदामं शिरली. मालकाला मोह पडतो तो कोरीवकामाचा. खांब, हस्त (सज्जाखालचे कोरीव टेकू), दरवाजे उतरवून विकले की रोख पैसा. ही ओढ जुनी आहे. १८८१ साली लॉकवूड द फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन सजावटकाराने इथल्या मगनभाई हठीसिंगांबरोबर लाकूडकामाचा कारखानाच काढला होता, अमेरिकेतली घरं सजवायला. त्यांनी निदान नवीन कोरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शहाणे झालो आणि महापालिकेचा सकाळचा हेरिटेज वॉक धरला. १९९७ पासून चालू आहे, कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपाशी संपतो. दीड हजारांच्या मानाने अगदीच थोड्या पैशांत. थोडा घाईचा आहे, आणि जे नीट केलंय तेच जास्त दाखवतात. लांबेश्वरनी पोळमध्ये गुजराती कवी दलपतरामांच्या घराचा दर्शनी भाग पुन्हा उभा केलाय, पुढे ओट्यावर कवींचा पुतळा बसवलाय. सगळे त्यांच्या शेजारी बसून फोटो काढतात. मागे घर नाही. दादा पुतळ्याकडे न बघता वळसा घालून मागे गेला आणि येऊन म्हणाला, “नाटकाचा पडदा आहे.” मला ते तितकं वाईट वाटलं नाही. नुसता उकिरडा असण्यापेक्षा मुलं तिथे खेळतायत, हे बरं. यावरून आमचं पुढच्या चौकापर्यंत भांडण झालं.

कुवावाळा खांचा चुकवू नका. एका छोट्या चौकात वेगवेगळ्या काळातल्या घरांचे दर्शनी भाग समोरासमोर आहेत. त्यात एक मराठा धाटणीचं म्हणून दाखवतात. ते बघून उर भरून वगैरे येऊ देऊ नका. पेशवे आणि गायकवाड यांनी १७५३ साली हे शहर घेतलं आणि मध्ये थोडा काळ सोडला तर १८१७ पर्यंत वाटून खाल्लं, आणि इथल्या लोकांना त्यातली आठवण मुख्यतः करांची आहे. गायकवाडांची हवेली शहराच्या नैर्ऋत्येला आहे, तिथे पोलिसांची कार्यालयं आहेत. बाहेरून बघून परत फिरा, फाटकाशी मोबाइल काढू नका.

दादाला सगळ्यात आवडलं ते एक अर्धवट पडलेलं घर. पडल्यामुळे आतलं दिसत होतं. विटांच्या भिंतीत ठराविक उंचीवर आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या आणि त्या खांबांना जोडलेल्या. तो तिथे पंधरा मिनिटं उभा होता. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात या शहरात नव्या बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या आणि या पद्धतीची घरं बऱ्यापैकी तगली, ती याच पट्ट्यांमुळे. लाकूड डुलतं, भिंतीला धरून ठेवतं. पण पन्हळ फुटून वर्षानुवर्षं पाणी त्याच पट्टीवर पडत राहिलं तर ती कुजते, आणि मग भूकंपाची गरज उरत नाही. म्हणून तुम्ही बघायला गेलात तर कोरीवकामाआधी छताची कड बघा. जिथे भिंतीवर काळा-हिरवा ओघळ आहे ते घर जाणार. तुमच्या पुढच्या फेरीपर्यंत ते असेल असं धरू नका, आत्ताच फोटो घ्या.

जतनासाठी मालकांना काही मिळत नाही असंही नाही. वारशाच्या यादीतलं घर राखलं तर त्यावरचे न वापरलेले बांधकामाचे हक्क शहरात दुसरीकडे बांधणाऱ्याला विकता येतात, त्यातून दुरुस्तीचा पैसा उभा राहतो. कागदावर छान आहे. पण त्यासाठी मालकी स्वच्छ लागते, आणि इथे एका घराला सतरा वारस.

सरखेजचा रोजा आणि अडालजची पायऱ्यांची विहीर एका दुपारी झाले, दोन्ही उत्तम, त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. माणेक चौकात सकाळी भाजी आणि दिवसा सराफा असतो, रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. चीज किसून डोंगर केलेलं सँडविच एकदा खा, दुसऱ्यांदा नको. मुक्काम नदीच्या पश्चिमेकडे केलात तर मेट्रोने घीकांटा स्टेशनला उतरा, रिक्षाची कटकटच नाही. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास जाऊ नका. उत्तरायणाला, म्हणजे तिकडच्या संक्रांतीला, पतंगांसाठी पोळांतल्या गच्च्या भाड्याने जातात आणि दर ऐकून माझा दीड हजारांचा राग थोडा निवला. मे महिन्यात तर विचारही नको.

शेवटच्या सकाळी, गाडीला चार तास होते, तेव्हा दादा मला ओढत पुन्हा त्या कुलपाच्या हवेलीपाशी घेऊन गेला. त्याला दाराची चौकट मोजायची होती. खिशात टेप असतोच. शेजारच्या ओट्यावर एक ऐंशीच्या पुढच्या आजी वाटाणे सोलत बसल्या होत्या. ‘काय मोजताय’ म्हणून त्यांनी गुजरातीत हटकलं. दादाने त्याच्या हिंदीत सांगितलं की पूनामें हमारा भी ऐसा था, गिर गया. आजींनी वाटाण्याचं ताट खाली ठेवलं, कंबरेचा चाव्यांचा जुडगा काढला आणि ते हातभर कुलूप उघडलं.

आत चौक स्वच्छ झाडलेला. वरचे दोन मजले काळे पडलेले, एक कोपरा खचलेला, झोपाळ्याच्या कड्या नुसत्याच लोंबत होत्या. चौकाच्या एका कडेला तांब्याचं झाकण. खाली टांकं, पावसाचं पाणी साठवायची तळघरातली टाकी. आजी म्हणाल्या, चौघं भाऊ, एक अमेरिकेत, खटला चालू आहे, तोपर्यंत चावी माझ्याकडे. दर आठवड्याला झाडते आणि पावसाळ्याआधी पन्हळ साफ करून घेते. दादाने वर बघितलं. ओघळ फक्त खचलेल्या कोपऱ्यात होता.

मी पर्स उघडली तर त्यांनी हात झटकला. मग विचारलं, याआधी तुम्हाला इथे कुणी आणलं होतं का? मी वर्णन सांगितलं. आजींना हसू आवरेना. तो दर रविवारी कुणालातरी आणून फटीतून बघायला लावतो म्हणे, एकदाही चावी मागायला आलेला नाही.