मोहावरची धूळ
गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या रस्त्यावर आज बस लोहखनिजाच्या ट्रकांमागे अडकली, खिडकीतून नुसती लाल धूळ. शेजारच्या आजी मांडीवरच्या टोपलीतली मोहफुलं पदरानं झाकत म्हणाल्या, "धुतलं तं सडते, नाही धुतलं तं व्यापारी भाव पाडते. सांग, का करू?"

मला काही बोलताच येईना.

मोहफुलांवर गावाचा हक्क आहे म्हणे, २००६ चा वनहक्क कायदा तसं सांगतो. ओडिशात तर २०१३ ला नियमगिरी डोंगरावरच्या, विचारलेल्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला सरळ नाही म्हटलं आणि ती खाण थांबली.

पण तिथं डोंगरावरच्या गावांना विचारलं तरी. आजींचं गाव खाणीत नाही, नुसतं रस्त्यालगत आहे, मग ह्यांची संमती कोण घेणार?