खिडकीतून किती आभाळ दिसतं?

मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींमधल्या टीबीवर एक अभ्यास झाला होता. २०१८ मध्ये त्याच्या बातम्या आल्या. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढतो, त्यामुळे डॉक्टरी अहवालांशी माझा संबंध येत नाही. पण हा अभ्यास अर्धा आमच्याच धंद्यातला होता. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या लोकांना सोबत घेऊन लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी इथली चार हजारांवर घरं पाहिली. पैसे दिले एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगराच्या सरकारी विकास प्राधिकरणाच्या, पर्यावरण सुधारणा सोसायटीने. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी लोकांना उठवून याच वसाहतींत आणून ठेवण्यात एमएमआरडीएचाच मोठा वाटा. म्हणजे आपल्याच करणीचा हिशेब आपल्याच पैशाने मांडून घेतला. हे सरकारी खात्याकडून सहसा होत नाही, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

हिशेब असा निघाला: लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये साधारण दर दहा घरांमागे एका घरात टीबी. पीएमजीपीत शंभरात एक. वॉर्ड तोच, एम-पूर्व. देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग तिघांनाही जवळ. फरक इमारतींच्या मांडणीत. पहिल्या दोन ठिकाणी सात-आठ मजली इमारती, मध्ये जेमतेम तीन मीटरची फट. पीएमजीपीत इमारती बुटक्या आणि अंतर ऐसपैस. खालच्या मजल्यांवर धोका जास्त दिसला. संशोधकांनी घरात ऊन किती येतं, वारा किती खेळतो हे मोजलंच, शिवाय खिडकीतून आभाळाचा किती तुकडा दिसतो, हेही मापात धरलं. हे माप मला फार आवडलं. आम्ही एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम चालतं ते) मोजतो, कार्पेट (घरातली वापरायची जागा) मोजतो, पार्किंग मोजतो. आभाळ कुणी मोजायला सांगत नाही.

माझी मावशी अशाच एका वसाहतीत राहते, दुसऱ्या मजल्यावर. सव्वादोनशे फुटांची खोली, ओटा, मोरी, संडास, सगळं आत. भर दुपारी ट्यूबलाइट चालू. खिडकी आहे, पण बंद. का, तर वरच्या मजल्यांवरून दोन इमारतींमधल्या गल्लीत पिशव्या पडतात. डायपर, भाज्यांची देठं, शिळा भात. मग उंदीर, डास आणि वास. समोरच्या खिडकीतला माणूस हात लांब केला तर चहाचा कप देईल इतका जवळ, म्हणून पडदाही ओढलेला. अहवालवाले म्हणणार, हवा खेळती ठेवा. मावशी म्हणते, “अरे, उघडली की घाणच येते, हवा कुठली?” तिला नळाचं पाणी दारात आलं याचं मात्र खरंच समाधान आहे. रुळाकाठच्या झोपडीत तेही नव्हतं. त्यामुळे ‘झोपडी बरी होती’ असलं बोलणं तिच्यासमोर करायची सोय नाही.

हे सगळं आता नव्याने कळलं असंही नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांचा उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा. खोलीच्या जमिनीपासून बाहेर तेवढ्या कोनात तिरकी रेघ ओढायची. समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. सोपं करून सांगायचं तर समोरच्या उंचीच्या निम्मं अंतर मोकळं हवं.

मी कागदावर करून पाहिलं. तेवीस मीटर उंचीच्या दोन इमारती, मध्ये तीन मीटर. तळमजल्याला साडेअकरा मीटर लागतात. तीन मीटरमध्ये फक्त वरचे दोन मजले पास होतात, बाकी सगळे नापास. यासाठी आयआयटी लागत नाही, सेट-स्क्वेअर पुरे. पण सेट-स्क्वेअरने टीबीचे पेशंट मोजता येत नाहीत, म्हणून त्या अभ्यासाचं मोल.

नुसत्या भिंतींना दोष देऊन भागणार नाही, हेही कबूल. झारखंडमध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाठबळाने झालेला ‘राशन्स’ अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. टीबी झालेल्यांच्या घरच्यांना जादा शिधा दिला तर त्यांच्यात नवा टीबी ३९ टक्क्यांनी घटला. म्हणजे पोटाचाही वाटा मोठा. तरी एक फरक राहतोच. शिधा उद्यापासून सुरू करता येतो; दोन इमारती एकदा उभ्या राहिल्या की त्यांना सरकवता येत नाही. मग उरतो एक्झॉस्ट फॅन, गल्लीची रोज सफाई आणि कचरा टाकण्यावरून भांडणं.

पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळते. त्याशिवाय योजना परवडत नाही, असं बिल्डर सांगतात आणि त्यांचं गणित खोटं नसतं. फक्त त्या गणितात सहा महिन्यांचं टीबीचं औषध आणि बुडालेली मजुरी कुठल्या रकान्यात धरायची, ते मला कुणी सांगितलेलं नाही. परवा असाच एक प्लॅन माझ्याकडे आला. मी तळमजल्याच्या खिडकीतून ती तिरकी रेघ ओढून साहेबांना दाखवली. ते म्हणाले, “नियमात बसतंय ना?” बसत होतं. प्लॅन पुढे गेला.