आकारफोड आणा, मग बघू

आपल्या बिल्डिंगमधून रस्ता जातोय हे मला मेथी निवडताना व्हॉट्सअॅपवर कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नकाशाचा स्क्रीनशॉट टाकलेला, त्यावर लाल पेनने गोल, आणि खाली "बी विंग गेली". मग रात्री अकरापर्यंत एकशे चाळीस मेसेज. मी सेक्रेटरी. म्हणजे एजीएमला उशिरा पोचले म्हणून झालेली सेक्रेटरी, आमच्याकडे निवडणूक अशीच होते.

तर २०२४ च्या ऑक्टोबरात ठाण्याचा सुधारित प्रारूप विकास आराखडा आला, डीपी म्हणतात तो, कुठून रस्ता जाणार, कुठे बाग होणार हे ठरवणारा शहराचा नकाशा. आधीचा १९९९ चा, त्याचा राहिलेला भाग २००३ ला मंजूर झालेला. एमआरटीपी म्हणून १९६६ चा कायदा आहे, त्यात वीस वर्षांतून एकदा तरी डीपी सुधारायचा असं लिहिलंय, त्यामुळे हे कधीतरी येणारच होतं, आपणच बेसावध. शहर वाढलंय हेही खरं. १९९१ च्या जनगणनेत ठाणे आठ लाखांचं होतं, २०११ ला अठरा लाखांच्या वर गेलं. मी लग्न होऊन घोडबंदर साइडला आले तेव्हा किचनच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसायचा, आता समोरच्या टॉवरचे एसी दिसतात. त्यामुळे रस्ते लागणार, माझं काही म्हणणं नाही, फक्त आमच्या पाण्याच्या टाकीवरूनच का, इतकंच.

पहिलं काम, स्क्रीनशॉटवर रडू नका. नकाशाची मूळ फाइल उघडा आणि कोपऱ्यात स्केल काय लिहिलंय बघा. १:४००० असेल तर नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. ग्रुपवरच्या माणसाने ज्या जाड लाल पेनने गोल काढला होता त्या पेनच्या रेघेतच आमची अर्धी बी विंग मावत होती. मी झूम करून पाहिलं तर प्रस्तावित रस्त्याची रेघ बिल्डिंगमधून नाही, कंपाउंड वॉलच्या आतून जात होती. म्हणजे वॉचमनची केबिन, जमिनीखालची टाकी आणि सात-आठ गाड्यांचं पार्किंग जात होतं, घरं नाही. हे ग्रुपवर लिहिलं तर बी विंगवाले शांत झाले आणि पार्किंगवाले पेटले.

आता मेन गोष्ट. नोटिशीत लिहिलेलं की हरकती आणि सूचना लेखी द्या, अमुक तारखेपर्यंत. साधं आहे. पण आमच्याकडे एक चेअरमन काका आहेत, आयुष्यभर कोर्टाच्या आवारात नोकरी केलेले, ते म्हणाले, "अगं, सत्यप्रतीशिवाय हरकत म्हणजे कुंकवाशिवाय लग्न. आधी आपल्या जागेच्या नकाशाचा सही-शिक्क्याचा उतारा काढ." मला पटलं. आणि तिथे माझे बावीस दिवस गेले.

कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही. जमिनीच्या कागदांशी संबंध असलेली ऑफिसं ठाण्यात कमी नाहीत, त्यातलं एक धरा. दुसरा मजला, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, दोन खिडक्या, त्यातली एक कायम बंद. मी अर्ज दिला, अॅग्रीमेंटमधला सर्व्हे नंबर टाकला, आतल्या माणसाने रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "हा नंबरच नाही."

नाही म्हणजे? मी त्या नंबरावर अठरा वर्षं राहतेय. गॅसचा सिलेंडर येतो, मालमत्ता कराचं बिल येतं, नंबर नाही कसा?

तर भानगड अशी. ठाण्याच्या जुन्या गावांच्या जमिनींना जुना सर्व्हे नंबर वेगळा आणि नवा वेगळा. आमच्या बिल्डरने अॅग्रीमेंटमध्ये फक्त जुना टाकलेला, हिश्शासकट. त्यांच्या रजिस्टरला फक्त नवा. हिस्सा सोडून माझा नुसता नंबर घातला की त्यांना तिसऱ्याच कुणाची तरी जमीन दिसते, नाल्यापलीकडची. मी म्हटलं, मग नवा कोणता ते तुम्हीच बघून सांगा ना. तो म्हणाला, "तसं नाही मॅडम. जुन्याचा नवा झाला याचा पुरावा तुम्ही द्यायचा. आकारफोड आणा, मग बघू."

आकारफोड हा शब्द मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता. मला वाटलं काहीतरी फोडायचं आहे, आणि खरं सांगते त्या वेळी मी तयार होते. आकारफोड म्हणजे जमिनीचे तुकडे पडले, हिस्से झाले की कुठल्या नंबरातून कुठला निघाला आणि सारा किती याचा तक्ता. तो मिळतो कुठे? दुसऱ्या इमारतीत. तिथे गेले तर म्हणाले त्या गावाचं रजिस्टर स्कॅनिंगला गेलंय. परत कधी? "निवडणुकीनंतर." मधे दिवाळी, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, निम्मा स्टाफ ट्रेनिंगला नाहीतर इलेक्शन ड्युटीवर. ज्यांच्या टेबलावर माझा अर्ज होता ते गृहस्थ कुठल्यातरी भरारी पथकात होते, भरारी मारून परत येईपर्यंत त्यांचं कपाट बंद आणि चावी त्यांच्याकडे.

मी सहा वेळा गेले. हाफ डे टाकून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून, मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत, एकदा पाऊण तास फक्त कापूरबावडीला उभी. प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची. एक म्हणाला फेरफार उतारा पण लागेल. दुसरा म्हणाला फेरफार कशाला, क प्रत आणा, म्हणजे मोजणीच्या नकाशाची. तिसरा जेवत होता, तो काहीच म्हणाला नाही, तोच त्यातल्या त्यात बरा. एका तरुण मुलाने मात्र हळूच विचारलं, "काकू, हे तुम्हाला नक्की कशासाठी पाहिजे?" मी सांगितलं डीपीला हरकत द्यायला. तो म्हणाला, "त्याला कशाला लागतं हे?" मी त्याच्यावरच उखडले. म्हटलं तुम्हाला काम नको म्हणून सांगताय. त्याची मी आज जाहीर माफी मागते, कारण ऑफिसात खरं बोलणारा तो एकटाच होता.

माहिती अधिकार टाकावा का असंही डोक्यात आलेलं. पण त्याच्या उत्तराला तीस दिवस, तोवर इकडची मुदत निघून जाणार. आणि ही मुदत कोणी बघून देत नाही, नोटीस राजपत्रात आली की घड्याळ चालू, तुमच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट कधी आला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

वैतागून एके संध्याकाळी दीरांना फोन केला, ते नेरूळला राहतात. त्यांना सर्व्हे नंबर हा शब्दच माहीत नाही. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, संपलं. मला इतका हेवा वाटला. त्यांच्याकडे १९७० मध्ये सिडको आलं, पंचाण्णव गावांची जमीन एका नकाशाखाली घेतली, चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता, शिरीष पटेल या तिघांनी त्याच्याही आधी कल्पना मांडलेली, मग नोड पडले, सेक्टर पडले आणि मग माणसं राहायला आली. आमच्याकडे माणसं आधी आली, मग बिल्डर, मग रस्ता, आणि नकाशा सगळ्यांच्या मागून धापा टाकत. भाऊजींना हे म्हटलं तर ते म्हणाले, "वहिनी, आमच्या इथल्या गावठाणातल्या माणसाशी बोला एकदा, त्याला विचारा प्लॉट नंबर म्हणजे काय." तेही खरंच. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित जागा परत द्यायची होती, त्याची भांडणं अजून ऐकू येतात.

शेवटी गाठ सुटली ती घरातच. तळमजल्याच्या आजी, बिल्डिंगमधल्या पहिल्या बुकिंगवाल्या, त्यांच्या मिस्टरांनी सगळे कागद एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले. त्यात वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि बिनशेतीच्या आदेशाची झेरॉक्स. दोन्हींत एका ओळीत, जुना सर्व्हे नंबर, नवा सर्व्हे नंबर, हिस्सा. बावीस दिवस मी ज्या ओळीसाठी फिरले ती माझ्या घराच्या तीन मजले खाली पार्लेजीच्या डब्यात होती. आजी म्हणाल्या, "विचारायचंस ना." तर हे लिहून ठेवा, बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या माणसाला आधी गाठा, आर्किटेक्टला नंतर.

त्याच डब्यात मंजूर नकाशाची प्रतही निघाली आणि खरा मुद्दा तिथे सापडला. बिल्डिंग बांधताना बिल्डरने रस्ता रुंदीकरणासाठी पुढची पट्टी आधीच सोडलेली होती, नकाशावर तसं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे आम्ही एकदा जागा देऊन बसलोय आणि नवीन रेघ आमच्या भिंतीपासून पुन्हा आत येतेय. मी आणि वॉचमनने रविवारी सकाळी पन्नास फुटी टेप घेऊन मोजलं, समोरच्या बाजूला मोकळी जागा किती, आमच्या बाजूला किती, मुलं टेपचं दुसरं टोक धरायला. त्याचा साधा कच्चा नकाशा काढला, फोटो जोडले. मला भूगोलात कायम काठावर मार्क होते, त्यामुळे या नकाशाचा मला जरा जास्तच अभिमान आहे, लॅमिनेट करून ठेवलाय.

हरकत द्यायला गेले, हातात एवढी मोठी फाइल. आवक खिडकीवरच्या बाईंनी अर्जाचं पहिलं पान बघितलं, नाव, पत्ता, सही, ठप्पा, पोच. दीड मिनिट. मी म्हटलं, सर्व्हे नंबरचा पुरावा? त्या म्हणाल्या, "जोडलाय तर राहू दे." राहू दे! माझ्या पुढच्या माणसाने वहीच्या पानावर हाताने लिहिलेली हरकत दिली होती, तीही घेतली. म्हणजे चेअरमन काकांचं कुंकू कुणी विचारलंच नाही. म्हणून सांगते, हरकत आधी देऊन टाका, पोच घ्या, कागद नंतर गोळा करा, ते सुनावणीला उपयोगी पडतात. सुनावणीला खरंच पडतात.

सगळ्या मेंबरांच्या वेगळ्या हरकती द्याव्या की सोसायटीची एक, यावर आमच्याकडे दोन मीटिंगा झाल्या. आम्ही दोन्ही केलं. सोसायटीची एक सविस्तर, ठरावासकट, आणि ज्यांना द्यायची त्यांची वैयक्तिक. फक्त एकच मजकूर झेरॉक्स करून खाली सह्या असं नका करू, प्रत्येकाने स्वतःचं काय जातंय ते लिहा. आणि नुसतं "आमचा विरोध आहे" लिहू नका, रेघ कुठे सरकवावी तेही लिहा. हरकत आणि सूचना असे दोन शब्द आहेत ते उगाच नाहीत.

सुनावणीचं पत्र यायला बरेच महिने गेले. ही सुनावणी नियोजन समितीपुढे असते, त्याच एमआरटीपीचं कलम २८. आत जाऊन आले तर घड्याळात चार मिनिटं, बाहेर बसून तीन तास, पाण्याची बाटली न्या. आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या वाडवडिलांच्या जागेवर बागेचं आरक्षण, जुन्या डीपीपासून, ना बाग झाली ना पैसे मिळाले. त्यांना कुणीतरी कलम १२७ समजावत होतं, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, मग पालिकेला जागा घ्यायला चोवीस महिने. म्हातारे गृहस्थ फक्त मान हलवत होते. आमच्या पार्किंगचं मला जरा लाजल्यासारखंच झालं.

आत पहिला प्रश्न काय? "सर्व्हे नंबर?" मी असा काही श्वास घेतला आणि जुना, नवा, हिस्सा तिन्ही एका दमात म्हटले. मग मंजूर नकाशा पुढे केला, सोडलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. एकाने चष्मा काढून नीट बघितलं, बाजूच्या इंजिनियरला म्हणाले, "हे आपल्या शीटवर घेतलेलं दिसत नाही." नोंद केली. बास. काका मागून भाषण सुरू करणार होते, त्यांचा शर्ट मी ओढून धरला. तर भाषण नको, एक मुद्दा, एक कागद, आणि बोट कुठे ठेवायचं ते घरी ठरवून जा.

रेघेचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. समितीचा अहवाल, मग बदल झाले तर ते प्रसिद्ध होणार, मग सरकारकडे, मंजुरी तिथून. तोवर आम्ही टाकीला रंग काढायचा की नाही यावर एक सभा तहकूब आहे.

आणि हो, गेल्या महिन्यात त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून पोस्टाने पत्र आलं. आपल्या अर्जासोबत आकारफोड पत्रक जोडलेलं नसल्याने सात दिवसांत सादर करावं, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल. पत्रावर वर आमचा सर्व्हे नंबर टाइप केलाय. नवा. मी ते आजींच्या डब्यात ठेवायला दिलं.