पट्ट्यांचा कल

डायल्यूशन फ्रिज, म्हणजे हेलियमच्या मिश्रणावर चालणारे शीतयंत्र, २० मिलिकेल्व्हिनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड होऊन तीन दिवस झाले होते. आत गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या तुकड्यावर धातूच्या गेटांनी (व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन दूर ढकलणाऱ्या पट्ट्यांनी) कोंडलेले, सुमारे २ चौरस मायक्रॉनचे दालन होते आणि त्याला दोन अरुंद खिंडी होत्या. क्वांटम हॉल अवस्थेत, म्हणजे अतिथंडीत आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात, इलेक्ट्रॉन कडेकडेने वाहतात. खिंडीत समोरासमोरच्या कडा इतक्या जवळ येतात, की टनेलिंगने, म्हणजे मधला अडथळा न ओलांडता आरपार निघून, इलेक्ट्रॉन एका कडेवरून दुसरीवर जातो. दोन्ही खिंडींतून परतलेल्या लाटांचे व्यतिकरण झाले, म्हणजे त्या मिसळून एकमेकींना वाढवू वा घटवू लागल्या, तर चुंबकीय क्षेत्र वाढवताना रोध लयीत वरखाली होतो.

ती लय संध्याकाळी दिसली. एक आवर्तन २.१ मिलिटेस्लाचे होते. फ्लक्स म्हणजे चुंबकीय क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ; फ्लक्स क्वांटम या त्याच्या ठरावीक एककाच्या हिशेबाने १ चौरस मायक्रॉनला ४.१४ मिलिटेस्ला पडतात आणि २ चौरस मायक्रॉनला त्याच्या निम्मे, म्हणजे आकडा तंतोतंत जुळत होता. मी मसुद्यात ‘आहारोनोव्ह-बोम व्यतिकरण’ (कोंडलेल्या फ्लक्सनुसार बदलणारे व्यतिकरण) असे लिहूनही टाकले. मार्गदर्शक बाईंनी मात्र एवढेच विचारले, “कल पाहिलास का?”

क्षेत्र आणि गेटचे व्होल्टेज यांच्या आलेखावर रोधाच्या तिरक्या पट्ट्या उमटतात; बाई त्यांच्याच कलाबद्दल विचारत होत्या. म्हणून क्षेत्र ०.१ मिलिटेस्लाने वाढवायचे आणि दर पायरीला गेटचे व्होल्टेज फिरवायचे, असे रात्रभर चालले. खरे व्यतिकरण असेल, तर क्षेत्र वाढल्यावर दालनातला फ्लक्स तेवढाच राहण्यासाठी क्षेत्रफळ घटावे लागते, म्हणून गेट अधिक ऋण करावे लागते. पहाटे पडद्यावर उमटलेल्या पट्ट्या नेमक्या उलट्या बाजूला कलल्या होत्या. खालच्या लँडाऊ पातळीत (चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायरीत) क्षेत्राबरोबर जास्त इलेक्ट्रॉन मावू लागतात आणि त्यांच्या प्रतिकर्षणाची भरपाई करायला गेट धन बाजूला न्यावे लागते. ही कूलंब ब्लॉकेडची, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकर्षणाने नवा इलेक्ट्रॉन अडण्याची, खूण. २००९ साली हार्वर्डमध्ये २ आणि १८ चौरस मायक्रॉनच्या उपकरणांत हेच दोन विरुद्ध कल दिसले होते: लहानात ब्लॉकेड, मोठ्यात व्यतिकरण.

मग आवर्तन जुळले कसे? ब्लॉकेडमध्ये ते, खिंडीतून विनाअडथळा जाणाऱ्या, कडेवरच्या इलेक्ट्रॉन-मार्गिकांच्या संख्येने भागले जाते, आणि आमच्याकडे अशी मार्गिका एकच होती. एकाने भागल्यावर दोन्ही कारणांचा आकडा सारखाच येतो, हे मला आधी सुचायला हवे होते. मी दोन्ही खिंडी थोड्या मोकळ्या करून दुसरी मार्गिकाही जाऊ दिली. व्यतिकरण असते, तर आवर्तन जवळपास तेवढेच राहिले असते. ते १ मिलिटेस्लाच्या आसपास आले.

बाई आल्या, तेव्हा मसुद्यातला तो शब्द मी काढला होता आणि मोठ्या दालनाचे रेखाटन सुरू केले होते.