तुम्ही विचारलंत म्हणून: आठवीतल्या मुलाला उशीर झाला का?

क्लासची चौकशी करायला आलेले पालक हमखास विचारतात, "सर, मैफली करणारे पियानोवादक म्हणे चौथ्या-पाचव्या वर्षीच सुरुवात करतात. आमचा आठवीत आहे. उशीर झाला का? आणि सोलापुरात राहून हे जमेल का?" दारात उभ्या उभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून लिहितोय.

बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात लवकर झालेली असते, हे खरंच आहे. तरीही मी स्व्यातोस्लाव्ह रिख्तर यांचं नाव घेतो. १९१५चा जन्म, विसाव्या शतकातल्या थोर पियानोवादकांपैकी एक. मॉस्कोत हाइनरिख नॉयहाउस या नामवंत पियानोगुरूंकडे ते शिकायला गेले १९३७ साली, बाविसाव्या वर्षी. वडील स्वतः पियानो शिकवायचे, पण मुलाला त्यांनी सुरुवातीचं थोडंच दाखवलं. बाकी सगळं रिख्तर आपलं आपण शिकले.

एवढं ऐकलं की पालकांचा चेहरा खुलतो, आणि तिथेच मला त्यांना थांबवावं लागतं. रिख्तर गुरूकडे उशिरा गेले, पियानोकडे नाही. मिसरूड फुटायच्या वयात ते ओडेसा शहराच्या ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकांच्या थिएटरात, तालमींना पियानोची साथ करत होते. अख्ख्या वाद्यवृंदाचं संगीत दोन हातांत बसवायचं, गायकाचा दम कमी पडला तर थांबायचं, तो पुढे गेला तर त्याला गाठायचं. मॉस्कोला गेला तो असा तयार झालेला माणूस.

आणि ही तालीम आपल्याकडे आहे! गुरुवारच्या भजनात पेटीवर बसलेला पोरगा बघा. बुवा ऐन वेळी सूर बदलून काळी दोनवरून काळी चार धरतात, तो मान वर करून एकदा बघतो आणि पुढच्या ओळीला बरोबर तिथे असतो. असा मुलगा माझ्याकडे आला की मला आनंद होतो. त्याला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत वाचणं, शिकवता येतं. दुसऱ्याचं ऐकत वाजवणं शिकवायला फार वेळ लागतो.

म्हणून परीक्षेचे तेच तीन पीस वर्षभर घोटून घ्यायला माझा विरोध आहे. मार्क मिळतात, नोटेशनचं वाचन येत नाही. रोज एक कधी न पाहिलेलं पान, अगदी सावकाश, चुकलं तरी न थांबता, एवढं घरी करून घ्या. पियानो लगेच घेऊ नका. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आतली लाकडी फळी आकसते, सूर उतरतात, आणि ट्यूनरला बाहेरगावाहून बोलवावं लागतं. ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो आत्ता पुरे.

पुढे शिकायला सोलापूर सोडावं लागेल, खोटं कशाला सांगू? मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात चांगली मैफल असली की मुलाला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं घेऊन जा. पण गाव लहान म्हणून मन लहान करू नका. १९८६ साली, सत्तरी ओलांडलेले रिख्तर सायबेरियाच्या लांबलचक दौऱ्यावर निघाले आणि मैफलीचं सभागृहसुद्धा नसलेल्या गावांत वाजवत गेले.

तेव्हा मुलाला घेऊन या. आजवर कुणाला साथ केलीस, हे मी त्याला आधी विचारीन. केली नसेल तर घरात गाणारं जे कुणी असेल, आजी असेल तर आजी, त्यांनाही बरोबर आणा. पहिल्याच दिवशी सुरुवात करू.