सागवानी चौरंग: स्टेनआधीचं घासकाम संपलं

चौरंगाच्या वरच्या फळ्यांपैकी एक कुजली होती, ती नव्या सागाची बसवली. जुना आणि नवा साग एका रंगात आणायचा तर स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लागणारच, म्हणून या वेळी तयारीला जास्त वेळ दिला. नुसत्या पॉलिशखाली जो ओरखडा डोळ्यांना लागत नाही, तो स्टेन मुरला की गडद रेघ होऊन वर येतो.

आधी जुना ऑइलपेंट काढला. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही, म्हणून कोरडं घासायचंच नाही. रिमूव्हर लावून, मास्क आणि हातमोजे घालून खरवडला.

मग पॉलिश पेपर: 80, 120, 180 (नंबर मोठा तसा कागद बारीक). मधला नंबर अजिबात गाळू नका. 80 चे खोल ओरखडे 180 ने निघत नाहीत, त्यांच्या कडा तेवढ्या बोथट होतात. प्रत्येक कागदाआधी फळीवर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारतो. त्या सगळीकडून पुसल्या गेल्या की नंबर बदलायचा. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, शेवटचे हात लाकडाच्या रेषांच्याच दिशेने. फळ्यांचा वरचा भाग 180 वर थांबवला, कारण लाकूड फार गुळगुळीत झालं की रंग कमी पितं. टोकांना मात्र 320 पर्यंत नेलं. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, रंग भसाभस आत जातो आणि टोकं काळपट दिसतात. कातीव पायांच्या खोबणीत कापडी एमरीची पट्टी वापरली. हे काम कंटाळवाणं, पण चौरंगाची शोभा पायांतच आहे.

यानंतर सगळ्यावर ओलं फडकं फिरवलं. पाण्याने तंतू उभे राहतात. वाळल्यावर त्यांवर वापरलेल्या 180 चा हलका हात दिला. ओलं असतानाच अंधारात टॉर्च आडवी धरून पाहिलं, तर नव्या फळीच्या सांध्याशी फिकट डाग दिसले. तो मुरलेला फेविकॉल. त्यावर स्टेन धरत नाही, म्हणून काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडून काढला. सुतारांची ही जुनी रीत मला स्क्रेपरपेक्षा हाताला बरी वाटते.

खिळ्यांची भोकं मुद्दामच उघडी ठेवलीत. भोकं बुजवायची चॉक पावडरची लांबी (पुट्टी) स्टेन वेगळाच घेते; ती नंतर, रंग कालवून. स्टीलवूल सागाला लावत नाही. त्याचे कण अडकले आणि ओल लागली, की लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात.

आता नव्या आणि जुन्या सागाच्या उरलेल्या तुकड्यांवर वॉलनट स्टेन पातळ-दाट करून पाहतोय. तुकडेही त्याच क्रमाने घासलेत, नाहीतर त्यांच्यावरचा रंग चौरंगावर जुळणार नाही. मात्रा ठरली की साग थिनरने पुसून वरचा तेलकटपणा काढायचा आणि लगेच स्टेन. लाखेचं पॉलिश पाऊस उघडल्यावरच. दमट हवेत त्याला पांढुरकी झाक येते.